तृतीयपंथी भगिनींची त्वचा व रंगभूषा : वैद्य आणि औषधविक्रेते यांचे कर्तव्य

सायंकाळची रुग्णतपासणी संपत आली की आमच्या चिकित्सालयाच्या दारात अधूनमधून एखादी रुग्णा येऊन उभी राहते. गर्दी ओसरेपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडे थांबलेली असते. तिला ताप नसतो, पोटाची तक्रार नसते. तिची तक्रार चेहऱ्याची असते. हनुवटीवरील काळसर-हिरवट छटा, दाढीच्या जागी वारंवार येणाऱ्या पुळ्या, पुळी बरी झाल्यावर मागे राहणारे काळे डाग आणि एवढे सगळे झाकण्यासाठी चढविलेल्या रंगलेपाने होणारी जळजळ. अशा रुग्णेला आपण काय देतो, या प्रश्नाचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी एकदा मोकळ्या मनाने करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रारंभी स्वतःची चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशीच एक भगिनी माझ्याकडे आली होती. मी रुग्णपत्रिकेवर तिच्या शिधापत्रिकेवरील पुरुषी नाव लिहिले आणि त्याच नावाने तिला मोठ्याने आत बोलाविले. बाहेर बसलेले दोघे-तिघे हसले. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, महामंजिष्ठादि काढा व एक लेप लिहून दिला. चेहऱ्यावरील केस ती कशाने काढते, हा सर्वांत आवश्यक प्रश्न मात्र संकोचापोटी विचारलाच नाही. ती पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. त्वचा कागदासारखी पातळ झालेली, गालांवर तांबड्या सूक्ष्म शिरांचे जाळे, उन्हात पाऊल टाकले तरी आग. गोरेपणाचे म्हणून मिळालेले स्टेरॉइडमिश्रित मलम ती रोज लावीत होती. ते कोठून घेतले, असे विचारल्यावर ती म्हणाली, "त्या दुकानात मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून बरं वाटलं."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. ज्याने काही विचारले नाही तो तिला जवळचा वाटला, आणि ज्याने विचारायला हवे होते त्याने तिला नावाने लज्जित केले. नुकसान दोन्हीकडून झाले.

वैद्याचे हे काम आहे काय?

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की वैद्य हा सौंदर्यप्रसाधनगृहाचा चालक नव्हे. आक्षेप जुना आहे. पण शास्त्राला तो मान्य नाही. चरकाचार्यांनी पन्नास महाकषायांत वर्ण्य गणाला स्वतंत्र स्थान दिले. चंदन, पद्मक, उशीर, मधुक, मंजिष्ठा, सारिवा ही त्यातीलच द्रव्ये. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात केस, श्मश्रू व नखे यांची निगा आणि प्रसाधन यांचे फल सांगताना त्यांनी पुष्टी, आयुष्य व शुचिता यांचा रूपाबरोबरच उल्लेख केला. वाग्भटाचार्यांनी मुखलेपाचे प्रकार, जाडी व निषेध यांचे नियम बांधून दिले. मुखदूषिकेला क्षुद्ररोग म्हटले, तरी तिची चिकित्सा सांगण्यात कोणीही कुचराई केली नाही. जे शास्त्र गृहस्थाच्या श्मश्रूचा विचार करते, त्याने या भगिनीच्या श्मश्रूचा विचार टाळावा, याला आधार कोठे आहे?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. शारीरस्थानात चरकाचार्यांनी व सुश्रुताचार्यांनी षंढादिकांचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांचा आधार घेऊन ही एक विकृती आहे आणि तिचीच चिकित्सा करावी, असे म्हणणारे आपल्यात आहेत. ती वर्णने मुख्यतः बीजदोष व मैथुनक्षमता यांविषयीची आहेत. आपण स्त्री आहोत या स्थिर जाणिवेने जगणाऱ्या आजच्या पारलिंगी स्त्रीला ती जशीच्या तशी लावणे हा ग्रंथावरही अन्याय आणि रुग्णेवरही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी त्या खटल्यात समाजाची बाजू मांडली होती. पुढे २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली. समोर आलेल्या रुग्णेने त्वचेविषयी विचारले असता तिच्या अस्तित्वाविषयी प्रवचन देणे, हे वैद्यवृत्तीत बसत नाही.

मूळ प्रश्न केसांचा

या भगिनींच्या चेहऱ्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ दाढीच्या केसांत असते. संप्रेरकांचे उपचार सुरू केल्यावर त्वचा मऊ व कमी तेलकट होते, अंगावरील केस विरळ होतात. परंतु एकदा राठ झालेली दाढी त्या उपचारांनी जात नाही. म्हणून केस कसे काढावेत, हा प्रश्न वर्षानुवर्षे उरतोच.

आपल्याकडील हिजडा समाजात चिमट्याने एकेक केस उपटण्याची जुनी प्रथा आहे. उपटलेला केस परत उगवताना त्वचेखालीच वळतो, पुळी धरते, पू होतो आणि काळा डाग राहतो. सावळ्या त्वचेत हे डाग अधिक गडद व चिवट असतात. तेव्हा लेप लिहिण्यापूर्वी चिमटा सोडविणे हेच निदानपरिवर्जन होय. त्यापेक्षा वस्तऱ्याने वा पात्याने केस काढणे पुष्कळ सौम्य. कोमट पाण्याने केस मऊ करावेत, फेस वा जेल लावून दोन मिनिटे थांबावे, धारदार स्वच्छ पाते केसांच्या दिशेने फिरवावे, त्याच जागी पुनःपुन्हा घासू नये, नंतर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. तुरटीचा खडा फिरविण्याची सवय कोरड्या त्वचेला मानवत नाही. त्याऐवजी कोरफडीचा गर वा साधे सुगंधरहित मलम पुरते. एकाच डेऱ्यात राहणाऱ्या भगिनी पाते, चिमटा व रंगभूषेचे स्पंज सामाईक वापरतात. पात्यातून कावीळ ब सारखा रोगही पसरू शकतो, हे त्यांना न घाबरविता पण स्पष्ट सांगावे.

केस वाढतात ते राठ होतात, ही समजूतही दूर करावी. पात्याने केस राठ होत नाही. त्याचे टोक बोथट कापले गेल्याने तो हाताला तसा लागतो.

दीर्घकालीन उपाय आपल्याकडे नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. लेसर केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो. त्यामुळे काळ्या केसांना उपयोगी, पांढऱ्यांना नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर अधिक सुरक्षित मानतात. बैठका अनेक लागतात आणि त्याआधी चार ते सहा आठवडे केस उपटणे, दोऱ्याने वा मेणाने काढणे बंद ठेवावे लागते. पात्याने काढलेले चालतात, कारण मूळ जागेवर राहते. पांढऱ्या केसांसाठी एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून केले जाणारे विद्युत्‌शोधन हाच मार्ग. तज्ज्ञ त्वचारोगचिकित्सकाकडे चिठ्ठी देणे हेही आपले औषधच आहे.

येथे एक गंभीर इशारा. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाच्या साठ उपक्रमांत लोमापहरण सांगितले आहे आणि तेथे शंखचूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग शुक्तात वाटून लोमशातनाचा योग दिला आहे. हा योग व्रणकर्मातला आहे, रोज चेहऱ्यावर लावायचा नव्हे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये ते विषारी द्रव्यांत मोडते. 'पारंपरिक लोमनाशक चूर्ण' या नावाखाली असे मिश्रण पुडीत बांधून या भगिनींना विकणे म्हणजे ग्रंथाच्या नावाने विष विकणे होय. आपल्या सभासदांपैकी कोणाच्याही फळीवर अशी पुडी असता कामा नये.

लेपाचे नियम, आणि त्यांची आजची गरज

आपले खरे सामर्थ्य पुळ्या, डाग व दाह यांत आहे. तरुण वयात व संप्रेरकांपूर्वी त्वचा तेलकट असते. कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीची मुखदूषिका तेथे दिसते. लोध्र, धने व वचा यांचा लेप तेथे उपयोगी पडतो. पण संप्रेरकांनंतर काही महिन्यांतच त्वचा कोरडी व नाजूक होऊ लागते. मग तोच लेप, तीच मुलतानी माती त्वचा फाडते. म्हणून 'पूर्वी गुण आला होता' एवढ्यावर जुनी चिठ्ठी चालू ठेवू नये. दर दोन-तीन महिन्यांनी त्वचेची प्रकृती नव्याने पाहावी.

वाग्भटाचार्यांचा नियम आजही तंतोतंत लागू आहे : लेप वाळू देऊ नये, वाळलेला लेप कांती बिघडवितो; तो ओला करूनच काढावा व नंतर स्नेह लावावा. पीनस, अजीर्ण आणि रात्रीचे जागरण असता मुखलेप वर्ज्य. लेपानंतर ऊन व अग्नीजवळ जाणे वर्ज्य. रात्री कार्यक्रम करून पहाटे परतणाऱ्या भगिनीला 'सकाळी उठल्याबरोबर लेप लावा' असे सांगणारा वैद्य ग्रंथही विसरला आणि रुग्णेची दिनचर्याही.

कुंकुमादि तैल आपण फार सहज हाती देतो. ते उत्तमच, पण रात्री, दोन-तीन थेंब, आणि पुळ्या नसलेल्या कोरड्या त्वचेवर. तेलकट व पुळ्यांच्या त्वचेवर, तेही रंगभूषेखाली, ते लावले तर रंध्रे कोंडतात. पात्याने सोललेल्या त्वचेवर उटणे वा डाळीचे भरड पीठ घासू नये. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नये; बावचीचे तेल तर चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने मुळीच लावू नये; दोन्हींमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. कोणतेही नवे द्रव्य आधी कानामागे वा कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावे. आणि या सर्वांहून डागांवर गुणकारी अशी एक साधी गोष्ट म्हणजे उन्हापासून संरक्षण. बाजारात, सिग्नलवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या भगिनीला ओढणी, छत्री व उन्हाचे मलम सांगितल्याविना दिलेली मंजिष्ठा अर्धीच लागू पडते.

रंगभूषेचे चार शब्द

रंगभूषा हा आपला विषय नाही असे म्हणून आपण सोडून देतो आणि मग बिघडलेली त्वचा आपल्यापुढेच येते. त्यापेक्षा मूलतत्त्वे जाणून घ्यावीत. दाढीची छटा निळसर-हिरवट दिसते, कारण त्वचेखालील काळा केस वरून तसा भासतो. तिच्यावर कातडीच्या रंगाचे जाड थर चढविले तर ती राखाडी दिसते, झाकली जात नाही. निळ्या छटेला नारिंगी रंग मारतो. म्हणून दाढी केल्यावर काही वेळ थांबून, मलम जिरल्यावर, फक्त छटेच्या जागी नारिंगी रंगलेपाचा अगदी पातळ थर बोटाने दाबून बसवावा, चोळू नये. त्यावर मानेच्या रंगाशी जुळणारा लेप, तोही दाबूनच, आणि शेवटी थोडी पावडर. रंग दुकानातील दिव्याखाली न निवडता दिवसाच्या उजेडात, जबड्याच्या कडेवर निवडावा. गोरा दिसण्यासाठी दोन छटा फिकट घेतलेला रंग मान उघडी पाडतो. एवढे पाळले तर रंगाचा वापर निम्म्याने कमी होतो आणि पुळ्याही.

मराठी संगीत रंगभूमीने बालगंधर्वांच्या काळात पुरुष नटांच्या चेहऱ्यावर स्त्रीरूप उभे करण्याची कला परिपूर्ण केली होती. पण ती रंगमंचावरच्या दिव्यांसाठी, दूरच्या प्रेक्षकांसाठी होती. प्रयोग संपला की ती उतरत असे. या भगिनी भूमिका करीत नाहीत. त्यांना बँकेत, बसमध्ये, भाजीबाजारात रोज त्याच चेहऱ्याने जायचे असते. म्हणून त्यांची रंगभूषा हलकी हवी आणि झोपण्यापूर्वी न चुकता उतरविलेली हवी : आधी थोडे तेल हलक्या हाताने, मग सौम्य साबण, मग पाणी. स्पंज व कुंचले आठवड्यातून एकदा धुऊन वाळवावेत.

टिकली, काजळ व कुंकू यांविषयी वैद्याने आवर्जून बोलावे. टिकलीच्या गोंदातील काही रसायनांनी कपाळावर पांढरे डाग पडतात, हे त्वचारोगशास्त्रात सुपरिचित आहे. बाजारी सुरम्यात बहुधा शिसे असते. काळी म्हणून विकली जाणारी मेंदी व केसांचे रंग यांतील रसायनाने काहींचा चेहरा सुजतो.

संप्रेरके आणि आपली औषधे

अनेक भगिनी दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन स्वतःच दुप्पट-तिप्पट मात्रेत खातात. त्यातील कृत्रिम इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, धूम्रपान असेल तर आणखी. तंबाखू, पोटऱ्यांतील दुखणे-सूज, श्वास लागणे यांची चौकशी केल्याविना काढा लिहू नये. स्पिरोनोलॅक्टोन घेणारीच्या रक्तात पोटॅशियम वाढू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ पोटातून दिल्यास उलट ते घटते व रक्तदाब वाढतो. म्हणजे आपले सौम्य समजले जाणारे द्रव्यही येथे तपासल्याविना द्यायचे नाही. आणि शतावरीने वा कोणत्याही तैलाने स्त्रीदेह घडतो, असे आश्वासन देऊ नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या अनुसूचीत स्त्रीच्या स्तनांचा आकार व रचना यांचा समावेश आहे, याचे स्मरण अशी तैले मांडणाऱ्यांनी ठेवावे. संप्रेरकांचे उपचार त्या शाखेच्या तज्ज्ञाकडेच व्हावेत. आपण त्याचे सहकारी आहोत, पर्याय नव्हे.

औषधविक्रेत्यांस विनंती

शेवटी फळीमागे उभ्या असलेल्या बंधूंसाठी. या भगिनी वैद्यापेक्षा तुमच्याकडे आधी येतात. चेहऱ्यावर लावावयाची स्टेरॉइडयुक्त मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीविना विकण्यास मनाई झाली. तरी ती हातोहात जातात. गोऱ्या रंगाची, नाव-पत्ता नसलेली, परदेशी म्हणून येणारी क्रीम तर त्याहून घातक. त्यातील पाऱ्याने मूत्रपिंडाचे विकार झाल्याची उदाहरणे २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून समोर आली. डोळ्यांची प्रसाधने सोडून इतरांत नकळत आलेला पाराही दशलक्षांश एक भागापेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा आपल्या नियमांत आहे. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत ज्या डबीवर नाही, ती फळीवर ठेवू नये. स्टेरॉइड दीर्घकाळ लावलेला चेहरा दिसला तर मलम एकदम बंद करायला न सांगता त्वचारोगचिकित्सकाकडे पाठवावे. एकाएकी थांबविले तर चेहरा भडकतो.

आणि नाव. रुग्णपत्रिकेवर कायदेशीर नाव लागतच असेल तर ते कागदावर असू द्यावे. हाक मात्र रुग्णा सांगेल त्या नावाने, 'ताई' म्हणून द्यावी. त्याला खर्च येत नाही. आमच्याकडे आता प्रथम भेटीतच 'तुम्हाला काय म्हणून बोलावू?' एवढा एक प्रश्न विचारला जातो. त्यानंतर केस, गोळ्या, तंबाखू यांविषयीचे प्रश्न तिला टोचत नाहीत, कारण ते तिच्या भल्यासाठी विचारले जात आहेत हे तिला कळते.

ती भगिनी आजही येते. चेहरा पूर्ववत झाला नाही. पातळ झालेली त्वचा पूर्ण भरून येत नाही. दाह शमला आहे, रंग हलका लावते, छत्री बाळगते. मी दोन वर्षांपूर्वीच योग्य प्रश्न विचारला असता तर तिला ते मलम लागले नसते, ही खंत मात्र माझ्याजवळ राहिली आहे. वाचकांपैकी ज्यांना या रुग्णांच्या चिकित्सेचा अनुभव आहे, त्यांनी यश-अपयशासह तो या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावा. आपल्या दारापर्यंत येऊन रस्त्यापलीकडे थांबलेल्या रुग्णेला आत येण्यास धीर वाटावा, इतके तरी आपण निश्चित करू शकतो.